जोहानाने दार का उघडलं नाही

हॅरो पॉइंट वस्ती, फॉकलंड बेटं
२० ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कार लिहिला खरा, पण आता वाकलो की पुन्हा सरळ होता येत नाही. कातरणीचा हंगाम सुरू झालाय. दिवसभर मेंढी मांडीत धरून वाकायचं, आणि रात्री तीच मेंढी ताटात. इथलं मटण खाऊन खाऊन मी लवकरच बें बें करणार आहे. बाकी वारा आपल्यासारखाच, माणसंही आपल्यासारखीच, कमी बोलणारी. म्हणजे एवढ्या लांब येऊन मी काय मिळवलं ते विचारू नका.

आता खरी गोष्ट. नेटामावशीचं पत्र आलं. ती लिहिते की तुम्ही थर्सोच्या लेखक संमेलनाला गेला होता, आईने लिहिलेल्या पुस्तकाच्या प्रतींचं खोकं घेऊन, आणि दिवसभर टेबलामागे बसला होता. मी ते पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, मावशीने चहात काहीतरी घातलेलं असावं. बाबा, तुम्ही? तुम्ही भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि फुटबॉलचं पान सोडून काही वाचल्याचं मला आठवत नाही. तिथे नक्की करता काय? कोणी काही विचारलं तर समुद्रातल्या तेलाच्या रिगवरच्या पंपाबद्दल सांगता का?

चेष्टा करतोय. घरात बसून राहण्यापेक्षा बरंच आहे. मला तर ते घर सोसलं नाही, म्हणून आईचं दफन झाल्यावर लगेच निघालो, ते तुम्हाला माहीत आहेच. आईचं पुस्तक माझ्या बॅगेत तळाशी आहे, लोकरी मोज्यात गुंडाळून. उघडलेलं नाही. माझं आणि छापील अक्षरांचं किती जमतं ते शाळेला विचारा. त्यांनी मला हाकललं की मी त्यांना सोडलं, ते अजून ठरायचंय.

पत्र पाठवा. लोभ आहे असं धरून चालतो.

तुमचा,
इन्नेस

•

थर्सोजवळून
३ नोव्हेंबर १९९६

चि. इन्नेस यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. कंबरेला गरम विटेचा शेक दे आणि ओल्या कपड्यांत झोपू नकोस.

संमेलनाचं विचारलंस. ते टेबल मी मागितलेलं नाही. तुझ्या आईनेच गेल्या हिवाळ्यात राखून ठेवलं होतं, पुस्तक छापून आलं त्याच आठवड्यात. नंतर दुखणं आलं आणि मेमध्ये सगळं झालं, टेबलाचं कोणाच्या लक्षात राहणार? सप्टेंबरात त्यांची आठवण करून देणारी चिठ्ठी आली, तिच्या टोपणनावाने. श्री. रॉबर्ट माउअट यांस. तिच्या आजोबांचं नाव घेतलं होतं तिने, गावातल्या बायकांनी पुस्तकात आपापली तोंडं शोधू नयेत म्हणून. मला वाटलं, टेबल रिकामं राहिलं तर बरं दिसणार नाही. म्हणून गेलो.

दारात एक बाई बिल्ले देते. लेखकाला पिवळा, वाचकाला निळा. सगळा हॉल पिवळा होता. माझ्या उजवीकडे गुरांच्या डॉक्टरांच्या प्रेमकथा लिहिणारी एक जाडजूड बाई. डावीकडे डोनाल्ड सदरलँड नावाचा निवृत्त अभियंता, त्याने कॅथनेसमधल्या जुन्या गटारांचा इतिहास लिहिलाय. दुपारच्या सूपपर्यंत आम्ही एकमेकांचीच पुस्तकं विकत घेत होतो. मी गटारांचं घेतलं. चांगलं आहे.

पुढच्या आठवड्यात विकचं संमेलन आहे. तिथेही जाईन म्हणतो. नेटा मदतीला येते आहे.

तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच.

बाबा

•

विक
१२ नोव्हेंबर १९९६

प्रिय इन्नेस,
अनेक आशीर्वाद.

तुला लिहू की नको याचा चार दिवस विचार केला. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुझी आई नेहमी म्हणायची, तेव्हा लिहितेच.

विकच्या संमेलनात मी चहा आणायला गेले आणि परत आले, तर तुझ्या बाबांसमोर एक जोडपं बसलेलं. ते त्यांना माउअटसाहेब, माउअटसाहेब म्हणत होते. मला वाटलं, आता हे सांगतील की लेखिका माझी बायको. तर हे काय म्हणाले? म्हणाले, हे प्रकरण लिहिताना मला माझ्या नायिकेचा, जोहानाचा, फार राग यायचा! आणि त्या बाईच्या प्रतीवर सही केली. रॉबर्ट माउअट. मी तिथेच उभी, हातात दोन चहा.

येताना गाडीत मी म्हटलं, वॉल्टर, हे काय चाललंय? तर म्हणाले, उद्या वारा पडेल असं दिसतंय.

पुस्तक माझ्या बहिणीचं आहे रे. तिने बटाटे सोलता सोलता लिहिलेलं. पण मला तुझ्या बाबांची जास्त काळजी वाटते. घरी ते कोणाशी बोलत नाहीत. किराणावाल्याला चिठ्ठी देतात. आणि तिथे टेबलामागे बसले की कसे बोलतात, हात हलवून! मी त्यांना असं कधी बघितलंच नव्हतं. तू रागाने काही लिहू नकोस. तू लिहिणार हे मला माहीत आहे, तरी सांगते.

इकडे सगळे तुझी आठवण काढतात. मुलगी वगैरे बघितलीस का तिकडे, की मेंढ्याच?

तुझी,
नेटामावशी

•

हॅरो पॉइंट
८ डिसेंबर १९९६

बाबांना,

नमस्कार. आज पुढचं काही लिहावंसं वाटत नाही.

मावशीने सगळं कळवलं आहे. माझं एवढंच विचारणं आहे, की तुम्हाला लाज नाही वाटली? ती टाइप करायची तेव्हा तुम्ही कुठे होता? समुद्रात. मी होतो तिथे. ओव्हनचं दार उघडं ठेवून ती पाय शेकायची आणि मांडीवर ते यंत्र, आणि मी फरशीवर. एखादं वाक्य जमलं की मला वाचून दाखवायची. मी ऐकायचो नाही, तरी वाचायची. तुम्ही दोन आठवडे नसायचा, दोन आठवडे असायचा, आणि असायचा तेव्हा झोपलेले. रिग सोडून कायमचे घरी आलात तेव्हा तिच्याकडे एक हिवाळा उरला होता.

आणि आता तिच्या खुर्चीवर बसून तुम्ही सांगता, मला जोहानाचा राग यायचा. तुम्हाला! तिला काय यायचं ते कोणी विचारलं होतं?

माझं शिक्षण झालं नाही, पण चोरी कशाला म्हणतात एवढं कळतं. उत्तर पाठवू नका.

इन्नेस

•

थर्सोजवळून
५ जानेवारी १९९७

चि. इन्नेस यास,
अ. उ. आ.

उत्तर पाठवू नका म्हणालास. तरी पाठवतो. वाचायचं की नाही ते तू ठरव.

थर्सोला मी सकाळपासून खरंच सांगत होतो. पहिली बाई आली, पुस्तक उचललं, विचारलं की लेखक तुम्हीच का? मी म्हटलं, माझी बायको, ती मे महिन्यात गेली. त्या बाईने माझ्या दंडावर हात ठेवला, दोन प्रती घेतल्या आणि पान न उलटता निघून गेली. दुसऱ्या बाईने तेच केलं. दुपारपर्यंत हॉलभर झालं की त्या टेबलावर बायको वारलेला माणूस बसलाय. लोक माझ्यासमोरून जाताना आवाज खाली करत होते. पुस्तकं खपत होती, पण उघडत कोणी नव्हतं.

मग संध्याकाळी एक माणूस उशिरा आला. त्याला काही माहीत नव्हतं. म्हणाला, माउअट तुम्हीच ना? मी दमलो होतो. हो म्हटलं. तर तो खुर्ची ओढून बसला आणि विचारू लागला, की जोहाना चूल नेहमी डाव्या हाताने का पेटवते, उजव्या हाताला काय झालंय? आता मला काय माहीत? पण मला विचार करावा लागला, की विल्मा असती तर काय म्हणाली असती. आणि ते सुचलं, इन्नेस. तिच्याच आवाजात सुचलं. तो बसला होता तेवढा वेळ ती होती.

गेली म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. मी माउअट म्हटलं की सुरू होतं. एवढंच आहे. मी त्यानंतर ते पुस्तक इतक्या वेळा वाचलंय की पानं सुटायला आली. तू चोरी म्हणतोस. असेल.

आता एक अडचण झाली आहे. विकला डॉर्नॉकच्या ग्रंथालयाच्या मिस कॅल्डर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, की शेवटी जोहाना दार का उघडत नाही? तू वाचलेलं नाहीस म्हणून सांगतो. तिचा नवरा ॲलेक व्हेल पकडणाऱ्या जहाजावर जातो आणि वर्षानुवर्षं येत नाही. सगळे त्याला मेलेला धरतात, ती धरत नाही. शेवटच्या पानावर तो येतो. समोरचं दार ठोठावतो. ती आत मासे साफ करत असते. खोकल्यावरून ओळखते. आणि उठत नाही. ठोठावणं थांबतं. संपलं.

मी म्हटलं, वसंतात सांगतो. तर त्यांनी मार्चमधल्या डॉर्नॉकच्या मोठ्या संमेलनात मला व्यासपीठावरच घातलं. श्री. माउअट यांच्याशी संवाद. पत्रिका छापून झाली आहे.

मला एक उत्तर दिसतं. मीही आयुष्यभर जाणारा-येणारा माणूस. पण ते उत्तर मला तिच्याकडून ऐकायचं नाही, आणि व्यासपीठावर तिच्यातर्फे सांगायचंही नाही. तू तिच्याजवळ होतास. लिहिताना ती तुला काही म्हणाली होती का? आठवलं तर कळव. रागातच कळवलंस तरी चालेल.

बाबा

•

हॅरो पॉइंट
१६ फेब्रुवारी १९९७

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि. हे सगळं या वेळी मनापासून.

डिसेंबरचं माझं पत्र शेगडीत टाका. टाकलं नसेल तर आजच टाका.

तुमचं पत्र आलं त्या रात्री मोज्यातून पुस्तक काढलं. बरोबरची पोरं म्हणाली, हा बघा, प्राध्यापक झाला. एकेक ओळ बोट ठेवून वाचली, शाळेत वाचायला हवी होती तशी. महिना लागला. बाबा, त्यातल्या अर्ध्या गोष्टी तिने मला वाचून दाखवल्या होत्या. ऐकत नव्हतो असं मला वाटत होतं. पण वाक्य अर्धं वाचलं की उरलेलं आधीच तोंडात यायचं. एके ठिकाणी तर पुस्तक बंद करून बाहेर गेलो. मेंढ्या होत्या म्हणून बरं.

शेवटाबद्दल ती मला काही म्हणाली नव्हती. तुम्हाला खोटं सांगणार नाही. तुम्हाला जे दिसलं तेच मलाही आधी दिसलं, आणि वाईट वाटलं. आता पुढचं ऐका.

परवा गोठ्यावरून निरोप घेऊन मालकाच्या घरी जायचं होतं. मी कधी गेलो नव्हतो. पुढच्या दारावर टकटक केली. कोणी येईना. पुन्हा केली. आत मालकीणबाईंची, डॉरीनकाकूंची, भांडी वाजत होती. शेवटी त्या खिडकीतून ओरडल्या, कोण मेलंय रे? मी म्हटलं, कोणी नाही, मी इन्नेस. तर म्हणाल्या, मग पोलिसासारखा पुढे काय उभा आहेस, मागून ये की, बूट काढ आणि किटली ठेव! मी तिथेच उभा राहिलो. त्यांना वाटलं असेल, पोरगा खुळा आहे.

बाबा, आपल्याकडे पुढचं दार कोण ठोठावतं? पाद्री, पोलीस, आणि जहाज बुडाल्याची बातमी आणणारा. आपलं माणूस मागून येतं. त्याला कोणी उठून दार उघडत नाही, कारण ते कधी लावलेलंच नसतं. ॲलेक इतकी वर्षं बाहेर राहून पाहुणा झाला आणि पाहुण्यासारखा पुढे उभा राहिला. ती उठली असती तर तो पाहुणा आहे हे तिने कबूल केल्यासारखं झालं असतं. तिला तो आत यायला हवा होता. आपल्या पायांनी, मागून, रोजच्यासारखा. ती त्याला बाहेर ठेवत नव्हती, बाबा. ती वाट बघत होती. आणि तो खुळा निघून गेला.

मला असं वाटतं. मी अडाणी आहे, चूक असेल. पण आई असं लिहील, तुमच्या डोक्यात जे आहे तसं नाही लिहिणार. डॉर्नॉकला हे सांगा. माउअट म्हणून सांगा नाहीतर वॉल्टर बज म्हणून, माझी हरकत नाही.

टपालाचं विमान आज घिरट्या घालून परत गेलं, वारा उतरू देईना. पत्र पुढच्या खेपेला देतो. वेळेत पोचलं पाहिजे.

तुमचाच,
इन्नेस

•

विक
१८ मार्च १९९७

प्रिय इन्नेस,
अनेक आशीर्वाद.

डॉर्नॉकचं झालं. तुला सगळं सांगायला हवं, आणि हे मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही.

आधी आठवडाभर तुझे बाबा रोज सकाळी टपालवाल्याची वाट बघत होते. काय येणार आहे विचारलं तर म्हणायचे, काही नाही, बियाण्यांचा कॅटलॉग. काही आलं नाही. शनिवारी त्यांनी दफनाच्या दिवशीचा काळा सूट घातला. मी म्हटलं, अहो, संमेलनाला चाललोय ना? म्हणाले, दुसरा कुठे आहे?

हॉल भरलेला होता. या खेपेला निळे बिल्लेही बरेच होते. मिस कॅल्डरनी आधी इकडचं तिकडचं विचारलं, तुझ्या बाबांनी नीट उत्तरं दिली, लोक हसलेसुद्धा. मग बाईंनी तो प्रश्न काढला. की माउअटसाहेब, तुम्ही वचन दिलंय, जोहानाने दार का उघडलं नाही?

तुझ्या बाबांनी समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाले, मी माउअट नाही. हे माझ्या बायकोने लिहिलंय, तिचं नाव विल्मा. ती मेली. इन्नेस, हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आतापर्यंत गेली म्हणायचे, ती नसल्यापासून म्हणायचे. पुढे म्हणाले, की तिला विचारायला हवं होतं, पण मी घरी आलो तोवर विचारण्यासारखी ती राहिली नव्हती. मला वाटतं, तो माणूस फार उशिरा आला आणि तिला त्याच्याशिवाय राहायची सवय झाली होती. तिने बरोबर केलं.

मग त्यांनी छातीवरचा पिवळा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि खाली उतरले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, रागही कोणी केला नाही. काय करायचं तेच कोणाला कळेना. तो गटारांचा अभियंता तेवढा उठला आणि पुस्तकांचं खोकं उचलून गाडीपर्यंत घेऊन आला. गाडीत बसल्यावर तुझ्या बाबांनी वायपर चालू केले. आकाश स्वच्छ होतं. मलाही दिसत नव्हतं.

आज त्यांना सूप द्यायला गेले तर तुझं पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर, फोडलेलं. कालच्या टपालाने आलं म्हणे. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाले, पोराचं अक्षर सुधारलंय. आणि मला दारापर्यंत सोडायला आले. असं कधी करत नाहीत.

तू काय लिहिलं होतंस रे? आणि आधी का नाही आलं?

तुझी,
नेटामावशी

•

थर्सोजवळून
६ एप्रिल १९९७

चि. इन्नेस यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. विमान आणि वारा यांच्यावर रागावू नकोस. तिकडे अजून रागावला असशील तर पुरे कर.

नेटाने डॉर्नॉकचं कळवलंच असेल. मिस कॅल्डरना मी तुझं म्हणणं लिहून पाठवणार होतो. कागद घेतला आणि ठेवून दिला. त्या दिवशी तिथे जे बसले होते ते आपापल्या घरी गेले, माझं उत्तर घेऊन. तिच्या पुस्तकाबद्दल मला पुन्हा कोणी विचारणार नाही. हे मला लागलंय, तुझ्यापासून लपवत नाही. पुढच्या वर्षीचं टेबल मागितलेलं नाही. सदरलँड म्हणतो, निळा बिल्ला घेऊन ये, गटारांचा दुसरा खंड निघतोय. बघू.

तुझं पत्र वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात फिरते आहे. ती तुला माहीत असायचं कारण नाही, तू तेव्हा पाळण्यात होतास.

रिगवर लागलो त्या पहिल्या वर्षांत मी घरी आलो की पुढच्या दाराची घंटा वाजवायचो. मुद्दाम. बॅग खांद्यावर, आणि ती हात पुसत येऊन दार उघडणार, ते मला बघायला आवडायचं. सिनेमातल्यासारखं. तिला आवडतं की नाही हे मी विचारलं नव्हतं. प्रत्येक वेळी यायची, उघडायची.

एकदा आली नाही. मी पुन्हा घंटा दाबली. तर आतून ओरडली, की वॉल्टर, मागचं दार उघडंच आहे की रे, माझे हात पिठात आहेत! मी तिथे उभा राहिलो आणि मला राग आला होता, हे आठवतं. इतक्या दिवसांनी घरी आलोय आणि हिला उठवत नाही. क्षणभर वाटलं, असंच परत खाली हॉटेलात जाऊन बसावं. मग घराला वळसा घातला आणि मागून आत शिरलो. बूट काढले. त्यानंतर पुन्हा कधी घंटा वाजवली नाही. हे सगळं मी पार विसरून गेलो होतो. ती नव्हती विसरली.

तेव्हा तुझं खरं आहे. तिने पुस्तकातल्या माणसाला परत जाऊ दिलं. मी गेलो नव्हतो, इन्नेस. मी आत आलो होतो.

फक्त एक आठवत नाही, आणि गेले पंधरा दिवस मी तेच आठवतो आहे. मी आत आलो तेव्हा ती ओट्यापाशी होती, पाठमोरी, कोपरापर्यंत पीठ. तिने मागे वळून बघितलं होतं का? बघितलं असणार. पण डोळ्यांसमोर तिची पाठच येते.

हंगाम संपला की कुठे जाणार ते कळव. लोभ तुझा माझ्यावर आहे, हे पत्रात कळलं. माझाही आहे, हे यात कळावं.

तुझा,
बाबा